जमादारची कंदुरी

माझ्या धंद्यात माणसाला धक्का बसून चालत नाही, कारण हातात रश्श्याची बादली असते. वाढप्याला धक्का बसला की पंगतीतल्या चार-सहा धोतरांची वाट लागलीच म्हणून समजा. म्हणून मी तरुणपणीच धक्का बसवून घ्यायचं सोडून दिलं होतं. मानवतच्या खानावळीत एका अडत्यानं पैजेवर बावीस भाकरी रिचवल्या आणि हात धुताना मला विचारलं, "आप्पा, जेवायला किती वेळ हाय अजून?" मी हललो नाही. एका लग्नात नवरदेवच जेवणावर रुसला आणि वऱ्हाडाच्या आधी घरी जाऊन झोपला, तेव्हाही मी जिलबी वाढतच होतो. पण हातपाय थकल्यावर, जिथं नुसतं बसून देखरेख करायची होती, त्या जागी मला असे धक्के बसले की जन्मभराची कसर भरून निघाली.

संपादकांनी सांगितलं, तुमच्या आयुष्याची वाटचाल लिहा. वाढप्याची वाटचाल ती काय असणार? चुलीपासून ताटापर्यंत आणि ताटापासून चुलीपर्यंत. सगळी एका सरळ रेघेत घातली असती तर मी काशीला जाऊन आलो असतो, तेही दोन्ही हातांत बादल्या घेऊन. तेव्हा ती सोडा. मी फक्त 'तुरीची सावली'चं सांगतो.

परभणीहून गंगाखेडकडं निघालात की पोखर्णीच्या अलीकडं डाव्या हाताला ही जागा लागते. तुरीला सावली नसते हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला पाहिजे, पण विशालनं नाव तेच ठेवलं. विशाल म्हणजे आमचे मालक. वयानं माझ्या धाकट्या पोरापेक्षा लहान. पुण्याच्या मोठमोठ्या हॉटेलांत काम करून आला आणि बापाच्या जमिनीत बांबू रोवून, वर कडबा शाकारून त्यानं ही खानावळ काढली. पाटी लावली, 'शेतातून थेट ताटात'. मला म्हणाला, "काका, तुम्ही फक्त बसा. वाढणाऱ्या पोरांवर नजर ठेवा."

मी विचारलं, "थेट ताटात म्हणजे काय करायचं?"

तर म्हणे गिऱ्हाइकाच्या हातात टोपली द्यायची. त्यानं शेतात जाऊन वांगी स्वतः तोडायची, मेथी स्वतः उपटायची, कांदा स्वतः खणायचा. मग ते आपण शिजवायचं आणि त्यालाच वाढायचं. मी त्याला म्हणालो, "मालक, पाहुण्याला रोजगाराला लावायचं आणि वर त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे? हाणतील लोक." पहिल्याच रविवारी गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्याला टेकली. उन्हात घामाघूम झालेली, साडीचा पदर काट्यात फाटलेली, मातीनं बरबटलेली माणसं हसत हसत बिल देत होती. तो माझा पहिला धक्का. आमच्या बापजाद्यांनी हेच काम फुकट केलं आणि एकानंही फोटो काढून घेतला नाही.

दुसरा धक्का आपल्याच लोकांनी दिला. ताडकळसकडचा एक शेतकरी बायको-पोरांना घेऊन आला. पटका बांधलेला, करारी माणूस. विशालनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, ज्वारीची भाकरी आहे, ठेचा आहे, पिठलं आहे, वांग्याचं भरीत आहे.

तो म्हणाला, "हे तर घरी रोजच हाय. पनीर न्हाई का?"

"आमच्या शेतात पनीर उगवत नाही हो," विशाल म्हणाला.

"आमच्यात तरी कुठं उगवायलंय? म्हनून तर हितं इचारायलाव."

मी मध्ये पडलो आणि त्यांना बैठकीवर बसवलं. तो माणूस शेवटपर्यंत कुरकुरत जेवला. त्याच्या बायकोनं पदर सावरून ताट पुढं ओढलं. तिच्या ताटात चुलीवरची पहिली भाकरी पडली, वाफ निघणारी. तिनं तुकडा मोडला आणि तशीच थांबली. मग हळूच मला म्हणाली, "दुसऱ्याच्या हातची गरम भाकर म्या माहेर सुटल्यापासून खाल्ली न्हाई, दादा." त्या बाईला मी इतक्या भाकरी वाढल्या की नवऱ्याला वाटलं असेल, हा हिचा माहेरचाच कुणीतरी आहे.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढं ती लागणार आहे. वाढप्यानं ताटाकडं बघावं, तोंडाकडं बघू नये. तोंडाकडं बघितलं की जेवणारा लाजतो. हवं असलं तरी 'नको' म्हणतो. ताट मात्र खोटं बोलत नाही. आपण ताटाकडं बघायचं, वाढायचं आणि पुढं सरकायचं. कुणाला जास्तीचं द्यायचं असेल तेव्हा तर अजिबात वर बघायचं नाही. दिलं त्याचा बोभाटा होत नाही आणि घेणाऱ्याला ओझं वाटत नाही. एवढं आलं की वाढपी झाला. बाकी बादली उचलायला गाढवही येतं.

आता जमादार.

जमादार हा कोंबडा होता. पण त्याला कोंबडा म्हणणं म्हणजे हत्तीला जनावर म्हणण्यासारखं. तांबडा रंग, शेपटीत हिरवी झाक, तुरा असा की जणू लाल फेटा बांधून बंदोबस्ताला उभा आहे. चालायचा तोही छाती काढून. कुत्री त्याला वाट देत. तो आरवला की आमच्या शिवारात दिवस उगवायचाच, शिवाय पोखर्णीच्या मोटारी वेळेच्या आधी सुटायच्या, असं माझं निरीक्षण आहे. पटत नसेल त्यानं तिथल्या प्रवाशांना विचारावं.

सामिष जेवणासाठी विशालनं वांग्याचाच नियम लावला होता. गिऱ्हाइकानं आवारात फिरणाऱ्या कोंबड्यांतून आपला पक्षी निवडायचा. मग रहीमचाचा तो धरून कडब्याच्या गंजीमागं न्यायचे. रहीमचाचा म्हणजे आमच्या गावचे मुलाणी. पंचक्रोशीत कुणाची कंदुरी असो, सुरी चालवायचा मान त्यांच्या घराण्याचा. कंदुरी म्हणजे काय ते मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. देवाला नाही तर पिराला नवस बोललेला असतो. तो पावला की ऐपत असेल त्यानं बोकड, नसेल त्यानं कोंबडा कापायचा आणि तिथंच शिजवून लोकांना जेवू घालायचं. त्याचे कायदे कडक. नवसाचं जनावर विकायचं नाही. शिजलेलं शिवेबाहेर न्यायचं नाही. वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून बसवायचं. आणि सगळ्यात मोठा कायदा, नवस फिटेपर्यंत तो कुणाजवळ बोलायचा नाही. फक्त मुलाण्याच्या कानावर घालून ठेवायचं, कारण वेळेला सुरी त्याची लागते.

सगळा घोळ झाला तो या शेवटच्या कायद्यामुळं.

पौषातला रविवार होता. आवार गच्च भरलेलं. छत्रपती संभाजीनगरहून एक निवृत्त साहेब बायकोसोबत आले होते. कुठल्याशा खात्यात उभी हयात तपासणीत गेलेली. माणूस खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची तपासायचा. त्यांनी मेथीची मुळं झटकून बघितली, पाण्याचा वास घेतला, मग कोंबड्यांकडं वळले आणि बरोबर जमादारपुढं जाऊन उभे राहिले.

"हा."

मी म्हणालो, "साहेब, हा जून आहे. शिजायला वेळ घेईल."

"घेऊ द्या. मला हाच पाहिजे." त्यांनी खिशातून फोन काढला आणि जमादारचे पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढले. आरोपीचे काढतात तसे. "मी जन्मभर हेच बघत आलोय. दाखवायचा एक आणि वाढायचा दुसरा. सगळीकडं हीच लबाडी. मला फसवणारा अजून जन्मायचाय."

बाईसाहेब मला म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. हे घरी दुधवाल्याचंही असंच करतात."

रहीमचाचा शांतपणे पुढं आले. साहेबांच्या देखत त्यांनी जमादारला धरलं, काखेत घेतलं आणि गंजीमागं गेले. थोड्या वेळानं साफ केलेलं मटण पातेल्यात आणून चुलीपाशी ठेवलं, हात धुतले आणि मोटारसायकलला किक मारली. ताडकळसला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. फोन म्हणाल तर चार्जिंगला लावून घरीच राहिला होता.

चुलीवर होती कौसाबाई. बाई मोठी खमकी. तिच्या येसराच्या, म्हणजे भाजलेलं धान्य आणि मसाला दळून केलेल्या पिठाच्या, रश्श्याला अशी तर्री यायची की तिच्यात बघून माणसानं दाढी करावी. त्या दिवशी मात्र ती गप्प होती. तिची लेक रुक्मिण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई ऊसतोडीच्या टोळीबरोबर तिकडं लांब कारखान्यावर. पहाटे रुक्मिणला कळा सुरू झाल्या आणि कौसाबाईच्या थोरल्या जावेनं तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं. मी कौसाबाईला म्हणालो होतो, "अगं, तू कशाला आलीस? जा तिकडं."

"तितं बाहीर बसून जीव खाली-वर हुतो, आप्पा. हितं हाताला काम हाय," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

दुपार झाली. साहेबांचं जेवण रंगात आलं होतं. तपासणी करणारा माणूस हाडकं चोखत होता. उरलेलं त्यांनी डब्यात भरायला लावलं आणि डबा गाडीत ठेवला. त्याच वेळी कौसाबाई भाकरीचा तुकडा घेऊन ओट्याच्या पायरीवर आली. रोज दुपारी जमादार तिथं यायचा आणि तिच्या हातून तुकडा घ्यायचा. तिनं हाक मारली. पुन्हा मारली. मग मला विचारलं, "आप्पा, आपला जमादार दिसंना?"

मी सहज म्हणालो, "जमादार? तो तर साहेबांच्या पोटात गेला. तूच तर शिजवलास."

कौसाबाई खाली बसली. हातातला तुकडा तसाच. तोंडाचा रंग राखेसारखा झाला. तिच्या तोंडून शब्द फुटायला इतका वेळ लागला की तेवढ्यात तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली.

"त्यो म्हसोबाचा व्हता, आप्पा. रुक्मिणीसाठी बोलले व्हते. ती मोकळी झाली, दोनी जीव सुखरूप राहिले, की बांधावरच्या म्हसोबाम्होरं कंदुरी करीन म्हनून. आन् मीच त्यो येसर घालून इकला."

माझ्या हातात त्या वेळी बादली नव्हती हे त्या म्हसोबाचेच उपकार. आयुष्यात पहिल्यांदा मला काय करावं ते कळेना. लेक तिकडं खाटेवर अडलेली, अजून फोन नाही, आणि इकडं नवस फिटायच्या आधी नवसाचा कोंबडा विकून, शिजवून, वाढून मोकळा. मी देवाधर्मातला फार मोठा माणूस नाही, पण मीही बांधाच्या दिशेनं हात जोडले.

विशाल धावत आला. "काय झालं? ताटं थांबलीत सगळी."

कौसाबाई उठली. तिनं चुलीतली लाकडं ओढून बाहेर काढली आणि त्यांच्यावर पाणी ओतलं. "मालक, त्या सायबाचे पैशे घेऊ नगा. कंदुरीचं इकलं तर नवस उलटा बसतो. आन् आज शिवारात जेवडं मानूस हाय, तेवडं फुकट जेवलं पायजे. मंग त्यो म्हसोबा काय ते बघंल."

"मावशी, रविवार आहे. बाहेर गाड्या बघा किती आहेत. मी तुम्हाला दुसरे दहा कोंबडे देतो."

"म्हसोबाला दहा न्हाई बोलले. एक बोलले व्हते." ती पदर खोचून रस्त्याच्या दिशेनं चालू लागली. "म्या पायी जाते दवाखान्यात. तुमी तुमचं हॉटेल चालवा."

विशालनं माझ्याकडं बघितलं. पोरगं शिकलेलं होतं, हिशोबी होतं, पण बाप गेल्यावर दोन वर्षं याच बाईच्या हातचं खाऊन मोठं झालं होतं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, सांगा सगळ्यांना. आज बिल नाही." हे बोलताना त्याचा आवाज असा आला, जणू कुणी त्याच्या पोटावर उभं राहून बोलवून घेतलंय.

आता तुम्हाला वाटेल फुकट जेवण म्हटल्यावर लोक खूश होतील. धंद्याची माहिती नसलेल्याला असंच वाटतं. मी साहेबांकडं गेलो आणि म्हणालो, "साहेब, आपलं बिल नाही."

त्यांचा हात तिथंच थांबला. "का नाही?"

"नाही म्हणजे, घ्यायचं नाही."

"काय झालंय चिकनला?" ते ताडकन उभे राहिले. "खरं सांगा. काय घातलंय यात?"

ते ऐकून शेजारच्या बैठकीवरचा माणूस उठला. त्याच्या शेजारचाही उठला. क्षणात अर्धं आवार पोट धरून उभं. फुकट म्हटल्यावर जेवणावरून उठणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. शेवटी मी खुर्चीवर चढलो आणि दवंडीवाल्यासारखा ओरडून सगळं सांगितलं. कोंबडा, नवस, दवाखान्यातली पोरगी. आणि हेही सांगितलं की ताटातलं टाकून उठायचं नाही आणि शिवेबाहेर काही न्यायचं नाही. तेव्हा साहेब, गाडीतला डबा परत द्यावा लागेल.

साहेब काहीतरी बोलणार होते, पण बाईसाहेब आधी बोलल्या. "ती बाई कुठंय?"

"रस्त्याला लागली."

"पायी?" त्यांनी नवऱ्यापुढं हात केला. "किल्ली द्या."

"अगं, पण मी..."

"तुम्ही इथं थांबा. त्या पोरीचा कोंबडा खाल्लाय ना तुम्ही? मग आता वाढा लोकांना."

गाडी धूळ उडवत गेली आणि कौसाबाईला वाटेतून उचलून परभणीकडं वळली. मागं साहेब उभे, हातात परत आलेला डबा, तोंडावर असा भाव की तपासणीला गेले आणि तिथंच जमा झाले.

त्यानंतर जे झालं तसं मी उभ्या जन्मात बघितलं नाही. विशालनं चूल पुन्हा पेटवली. गावातल्या दोन-चार बायका भाकरी थापायला धावल्या. तुरीच्या रानात काम करणारी माणसं आली, मेंढरं घेऊन चाललेला धनगर आला, पोखर्णीच्या नरसिंहाचं दर्शन घेऊन येणारी माणसं आली. दर्शनाहून आलेल्यांना वेगळ्या चुलीवरची पिठलं-भाकरी वाढली. गर्दी बघून एसटीच्या चालकाला वाटलं अपघात झालाय. त्यानं गाडी थांबवली आणि मग सगळी गाडीच जेवायला उतरली. रस्सा मात्र मूळ एका कोंबड्याचा, साहेबांच्या डब्यातून परत पातेल्यात ओतलेला. विशालनं नंतर आणखी कोंबडे घातले, पण तोपर्यंत पहिल्या पंगतीला रस्सा मिळाला, दुसरीला रश्श्याचं पाणी आणि तिसरीला त्या पातेल्याचं दर्शन. एकानंही तक्रार केली नाही. कंदुरीत घास महत्त्वाचा, पोट नंतर.

साहेबांच्या हातात मी बादली दिली. पहिल्या ताटातच त्यांनी जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघून विचारलं, "आणखी हवं का?" म्हातारा लाजून नको म्हणाला.

"असं नाही साहेब," मी म्हणालो. "तोंडाकडं नाही, ताटाकडं बघा."

"तपासणीत आम्ही तोंडाकडंच बघतो. तोंडावरून खोटं कळतं."

"इथं खोटं पकडायचं नाही. वाढायचंय."

त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या पंगतीला जरा जमलं. तिसरीला माणूस वाकायला शिकला. शर्टावर रश्श्याचे डाग पडले होते, पण त्यांचं लक्ष खिशातल्या फोनवर होतं. सगळ्यांचंच होतं. घास तोंडात, कान फोनकडं.

फोन वाजला तेव्हा साहेबांनी बादली खाली ठेवली आणि पलीकडचं ऐकलं. मग कुणाकडंच न बघता म्हणाले, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

पंगतीत कुणी ओरडलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी ताटातला घास उचलून खाल्ला. मी कडब्याकडं तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो, उगीच गंजी मोजत.

संध्याकाळी बाईसाहेब साहेबांना घेऊन गेल्या. दिवेलागणीला रहीमचाचा लग्नाहून परतले. उलटी केलेली पातेली, पत्रावळ्यांचा ढीग, खुर्चीत डोकं धरून बसलेला मालक, हे सगळं बघून ते दारातच थांबले. "आप्पा, हे काय झालंय? कुणाचं लगीन व्हतं?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांच्या भुवया वर वर जात टोपीत शिरल्या. मग ते सरळ गंजीमागं गेले. तिथं कोंबड्या झाकायचं एक मोठं डालं पालथं घातलेलं होतं, वर दगड. त्यांनी दगड बाजूला केला, डालं उचललं.

जमादार बाहेर आला. अंग फुलवलं, पिसं झटकली आणि दिवसभर कैदेत ठेवल्याबद्दल आम्हा सगळ्यांना शिव्या दिल्यासारखा आरवला.

विशाल खुर्चीतून खाली आला, म्हणजे पडलाच. "चाचा, मग आम्ही काय खाल्लं?"

"दुसरा. तेवड्याच वजनाचा. कौसाबाईनं कवाच कानावर घातलं व्हतं माज्या, ह्यो म्हसोबाचा हाय म्हनून. मी त्याच्या गळ्याला सुरी कशी लावू? आन् सायबाला सांगावं तर नवस बोलून दाखवायचा नसतो. म्हनून ह्याला झाकला. जेवताना सायबाला फिरताना दिसू नये म्हनून दगड ठेवला. मंग लगनाची घाई, कुणाला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

विशालनं एकदा जमादारकडं बघितलं, एकदा उपड्या पातेल्यांकडं. तो रडतोय की हसतोय ते मला अंधारात कळलं नाही.

दोन दिवसांनी कौसाबाई आली. आम्ही तिला जमादार दाखवला. ती त्याच्यापुढं बसली, तुकडा दिला, त्यानं घेतला. मग विशालकडं वळून म्हणाली, "मालक, सवा महिना झाला की कंदुरी करायची."

"मावशी, झाली ना कंदुरी. सगळा तालुका जेवला."

"ती तुमची झाली. माजी कुठं झाली?"

विशालमध्ये धक्का बसवून घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यानं नुसती मान हलवली.

सवा महिन्यानं बांधावर पंगत बसली. रुक्मिण बाळाला घेऊन आली, जावई ऊसतोडीवरून रजा काढून आला. बाईसाहेबांना आवतण गेलंच होतं, कारण कौसाबाईला गाडीतून नेणारी ती बाई आता घरचीच झाली होती. त्यांच्यामागून साहेब उतरले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय करून बसलोय. म्हसोबापुढं, हळद-कुंकू लावलेला, पायाला दोरी बांधलेला जमादार उभा होता. छाती काढून.

साहेब चालता चालता थांबले. जमादारकडं बघितलं. खिशातून फोन काढला, बोटानं मागं मागं सरकवत गेले. फोटो सापडला. फोनकडं बघितलं, तुऱ्याकडं बघितलं, पुन्हा फोनकडं. शेपटीतली हिरवी झाक बघायला एका बाजूनं फिरून आले. मी इतकी वर्षं धंद्यात काढली, नवरदेवाच्या बापाला पटवलं, पोलिसांना पटवलं, पण त्या क्षणी माझ्या जिभेला कुलूप लागलं. रहीमचाचांनी सुरी कमरेला खोचली आणि मान खाली घातली.

"हा तोच आहे," साहेब म्हणाले.

मी उगीच पत्रावळ्या सारख्या करायला लागलो.

"म्हणजे त्या दिवशी..." ते थांबले. रुक्मिणच्या मांडीवर पोरगी जागी झाली होती, मुठी चोखत होती. साहेबांनी तिच्याकडं बघितलं. किती वेळ बघत होते कोण जाणे, मला तर एक पीक निघेल एवढा वेळ वाटला. आयुष्यभर ज्या लबाडीच्या मागावर हा माणूस फिरला, ती पुराव्यासकट, पायाला दोरी बांधून, समोर उभी होती.

त्यांनी फोन बंद केला आणि खिशात ठेवला.

"आप्पा," ते म्हणाले, "बादली कुठंय?"

रस्सा उतरला तेव्हा पहिली पंगत त्यांनीच वाढली. वाकून, ताटांकडं बघत, एका लयीत. मला एकदाही सांगावं लागलं नाही. ओळीच्या शेवटी रहीमचाचा बसले होते, नजर जमिनीवर. साहेब तिथं आले. पळी बादलीत खोल घातली, जमादारची तंगडी शोधून काढली आणि चाचांच्या ताटात ठेवली. त्यावर रस्सा घातला.

आणि वर न बघता पुढं सरकले.